सैल राहिलेलं पातं

मी रंध्याच्या मशीनचं पातं बोलतोय. जवळ येऊन ऐकलंत तरी आता भीती नाही. माझा एक कोपरा तुटलाय, अंगावर गंज चढायला लागलाय, आणि घरामागच्या मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, खिडकीत पडल्या पडल्या मी फार तर एखाद्या पालीला दचकवू शकतो. पण वर्षापूर्वी मी एका मुलीच्या हाताची दोन बोटं कायमची निकामी केली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोड गोड बोलून तुम्हाला आपलंसं केलं आणि मग हळूच पोटातलं बाहेर काढलं, असं तुम्ही म्हणाल.

माझा जन्म कारखान्यातला. फूटभर लांब, तीन बोटं रुंद अशी पोलादाची पट्टी, आणि तिच्या एका काठाला धार. आम्ही पाती एकेकटी जन्माला येत नाही, जोडीनं येतो. माझं आणि माझ्या जोडीदाराचं वजन काट्यावर अगदी सारखं. एक जरी जड झालं तरी मशीन थरथरतं. सुतार हातानं रंधा मारतो ना, तेच काम मशीनमध्ये एक लोखंडी रूळ गरगर फिरून करतो. त्या रुळाच्या खाचांत आम्ही दोघं बसतो, वरून फळी सरकते, आणि आम्ही तिचा खडबडीतपणा सोलून काढतो.

आमचे मालक गोकुळदास. घर नार्व्याला. ते जन्माचे सुतार नव्हेत. शिरगावच्या खाणीवर फिटर होते. खाणी बंद पडल्या आणि ते पानापकडांची पेटी घेऊन घरी आले. महिनाभर अंगणात बसून राहिले, मग एक जुनं मशीन आणलं आणि घरामागच्या मांगरात बसवलं. तोवर त्या मांगरात नारळ आणि जळण असायचं. त्यांची बायको सुमंगला हिला नारळ खाटेखाली सरकवावे लागले, आणि घरात कोणी पाहुणा आला की ती ही तक्रार सांगायचीच. मशीनबरोबर नवीन पाती म्हणून आम्ही दोघं आलो.

माणसांची एक खोड मला तेव्हाच कळली. धारदार पातं दिसलं की प्रत्येकाला त्यावर अंगठा फिरवून बघायचं असतं. शेजारी, पोस्टमन, गणपतीचा पाट करून घ्यायला आलेले भटजी, सगळे तेच करायचे. मी सगळ्यांचे अंगठे सोडून दिले. मला वाटायचं, मी फार सज्जन आहे.

धार लावणं हे गोकुळदासांचं आवडतं काम. लाकडाच्या एका ठोकळ्यात त्यांनी तिरकी खाच पाडली होती. त्यात मला घट्ट बसवायचे आणि धारेच्या दगडावर तेल सोडून सावकाश पुढेमागे घासायचे. घाई नाही, बोलणं नाही. धार आली की काठावर एक बारीक तार उभी राहते, ती उलट बाजूनं हलकेच मोडायची. मग मनगटावरचे दोन केस माझ्यावर उतरवून बघायचे. त्यांच्या डाव्या मनगटावर कधी केस टिकले नाहीत ते आमच्यामुळे.

धार लावण्यापेक्षा अवघड काम पातं बसवण्याचं. फणसाची एक सरळ पट्टी ते मशीनच्या टेबलावर आडवी ठेवायचे आणि रूळ हातानं हळूच फिरवायचे. मी वर येताना त्या पट्टीला जेमतेम शिवायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढं पुढे ओढायचं. माझ्या जोडीदारानंही तेवढंच ओढायचं, एक केसभर कमी नाही की जास्त नाही. जुळलं की मग बोल्ट आवळायचे, मधला आधी आणि कडेचे नंतर.

यात त्यांचा खाणीवरचा एक नियम होता. बोल्ट आवळून झाले तरच पाना भिंतीवरच्या खिळ्याला जायचा. पाना टेबलावर दिसला, तर समजायचं पाती सैल आहेत, बटणाला हात लावायचा नाही. घरात हा नियम दोघांनाच ठाऊक होता, गोकुळदासांना आणि त्यांच्या मुलीला, सुविधाला. सुमंगलाला कोणी सांगितलाच नव्हता. ती मांगरात यायची ती वर्षातून दोनदा, चवथीच्या आधी जळमटं काढायला आणि खंडेनवमीला पूजेला. तिला पान्याचं काय सांगायचं, असं बापलेकीला वाटलं असावं. खरं म्हणजे काहीच वाटलं नसावं. घरच्या माणसाला आपण सगळं सांगितलंय असं धरूनच चालतो आपण.

सुविधा डिचोलीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. चार वर्षं केली नोकरी. रविवारी बापाबरोबर मांगरात यायची ती मग रोज संध्याकाळी यायला लागली, आणि एक दिवस राजीनामा देऊनच आली. फणसाच्या लाकडाचे देव्हारे करायची. पिवळंधमक लाकूड, छोटे कोरीव खांब, वर कळस. मये, डिचोली, पार पेडण्यापर्यंत तिचे देव्हारे गेले. धार लावायला ती बापाच्या पुढे गेली. तिला पट्टी बघावीच लागत नसे. रूळ फिरवताना पट्टीवर माझा जो बारीक आवाज व्हायचा, तो ऐकून ती म्हणायची, "बाबा, हें पातें इल्लें वयर आसा." आणि ते जरासं वर असायचंच. गोकुळदास तोंडानं कौतुक करायचे नाहीत. फक्त बाजूला व्हायचे आणि तिला जागा द्यायचे.

आता गेल्या वर्षीची खंडेनवमी. बोथट हत्यार देवापुढे ठेवायचं नाही, हा गोकुळदासांचा हट्ट. त्यामुळे सकाळपासून त्यांनी आम्हा दोघांना धार लावली. जन्मात लागली नव्हती अशी धार लागली. मग आम्हाला रुळात बसवलं, पट्टी लावून जुळवलं आणि बोल्ट बोटांनी फिरवून टेकवले. पाना हातात घेतला तोच घरातून सुमंगलाची हाक आली.

"आयकलें? नैवेद्य थंड जाता. मशीनीचें न्हाण मागीर करात!"

"येतां, येतां," म्हणत त्यांनी पाना टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले. नियमाप्रमाणे बरोबर ठेवला होता. आंघोळ झाली, पूजा झाली, आणि एकदा हत्यारांना हळदकुंकू लागलं की दसऱ्याचा दिवस सरेपर्यंत त्यांना कामाला हात लावत नाहीत. बोल्ट तसेच राहिले. दसऱ्यानंतर आवळू, पाना टेबलावर आहेच, असा त्यांनी विचार केला असणार.

पूजा सुमंगलानं मांडली होती. सगळी हत्यारं तिनं पाटावर रचली, टेबलावरचा पानासुद्धा. झेंडूची फुलं, भाताची नवी कणसं. मला तर तिनं किती जपून कुंकू लावलं! धारेपासून बोट लांब ठेवून एक बोट हळद, एक बोट कुंकू. सगळे जेवायला गेले तरी ती मशीनसमोर थांबली आणि हात जोडून हळूच म्हणाली, "म्हज्या चेडवाक सांबाळ गो माये."

माझ्या लेकीला सांभाळ. मी ऐकलं ते. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही माझ्या पाया पडते आहे. मी फुगलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सुमंगला परत आली. फुलं काढली, पाट उचलला आणि एकेक हत्यार जागच्या जागी ठेवलं. हातोडी हातोडीच्या जागी, कानस कानशीच्या. पाना दर खेपेला खिळ्यावर लटकलेला तिनं पाहिला होता, म्हणून तिनं तो खिळ्यावर टांगला. गोकुळदास पान्याची गोल बाजू खिळ्यात घालायचे. तिला ते जमलं नाही. तिनं उघड्या जबड्यानं, उलटा अडकवला. मग केर काढला, दिवा लावला आणि समाधानानं दार ओढून घेतलं.

मी सैल आहे हे मला ठाऊक होतं. पाना खिळ्यावर गेला म्हणजे काय, हेही ठाऊक होतं. पात्याला ओरडता येत नाही, हे खरंच आहे. पण खोटं कशाला बोलू, ओरडावंसं मला वाटलंही नाही. कपाळावर कुंकू होतं, अंगाला ताजी धार होती, आणि मी कधी एकदा फिरतो असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळदास सोनं द्यायला मयेला बहिणीकडे गेले. सुविधाला दिवाळीच्या आधी एक देव्हारा पुरा करायचा होता. ती मांगरात आली. तिनं खिळ्याकडे बघितलं. पाना जागेवर होता. तिनं फळी घेतली आणि बटण दाबलं.

रुळाचे दोनचार फेरे मी खाचेत टिकलो. मग निसटलो. टेबलाच्या काठावर आपटलो, कोपरा तुटला, आणि तसाच फळी धरलेल्या डाव्या हातावरून गेलो. मला हे सांगायचंच आहे, म्हणून तर बोलायला बसलोय. फळी कुठं संपली आणि तिचा हात कुठं सुरू झाला, ते मला कळलं नाही. धार इतकी चांगली होती. ज्या बोटांनी मला दगडावर घासलं, तेलानं पुसलं, त्या बोटांची मला ओळखसुद्धा पटली नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं. सुमंगला बरोबर गेली, अंगावरच्या कपड्यानिशी.

गोकुळदास दुपारी मयेहून आले. त्यांना वाटेतच कळलं होतं. हॉस्पिटलात न्यायला भाचा गाडी घेऊन दारात थांबला होता, तरी ते आधी मांगरात आले. मी भुशात पडलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिळ्याकडे पाहिलं. पाना उलटा टांगलेला आणि त्यावर हळदकुंकू. त्या घरात पाना उलटा टांगणारं दुसरं कोण होतं? मग त्यांनी पाना काढला, सदऱ्याच्या टोकानं कुंकू पुसलं, अगदी खरवडून पुसलं, आणि गोल बाजूनं सरळ टांगला. हॉस्पिटलात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बोल्ट घट्ट करपाक हांव विसरलों. म्हातारपण आयलें."

ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होती.

त्यानंतर मांगराला कडी लागली. मला कोणीतरी उचलून खिडकीत ठेवलं. ही खिडकी स्वयंपाकघराच्या समोर आहे, त्यामुळे वर्षभर या घराचा आवाज मी ऐकत होतो. आधी घरात गडबड असायची, सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की बापलेकीत पावातले उंडे घ्यायचे की पोळे, यावरून वाद चालायचा. आता सुमंगला गुपचूप दोन उंडे घ्यायची आणि आत जायची.

सुविधाचे टाके सुटले, पण करंगळी आणि अनामिका वळेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. ती दाराच्या पायरीवर बसून दाबत राहायची. शेजारच्या बायका यायच्या आणि चुकचुकायच्या, "मशीनीन बोटां खाल्लीं गो." मी खिडकीत पडून ऐकायचो. मशीननं नव्हे बायांनो, मी.

सुविधा स्वतःला दोष द्यायची. बटण दाबण्याआधी एकदा बोल्टला हात लावून बघितला असता तर, हे ती आईला किती वेळा म्हणाली असेल! सुमंगलाला वाटायचं, पूजेतच आपलं काही चुकलं. कणसं शिळी होती का, कुंकू आधी लावलं आणि हळद नंतर, असं झालं का? सप्तकोटेश्वराला जाऊन तिनं गाऱ्हाणं घातलं. तीन माणसं एका छपराखाली राहात होती, आणि प्रत्येकजण आपापली चूक उराशी धरून बसला होता. खरी चूक मात्र जिच्या हातून घडली, ती बिचारी भलत्याच जागी शोधत होती.

गोकुळदास तर बोलेनासे झाले. आणि या श्रावणात त्यांनी मशीन विकायला काढलं. सुविधाला विचारलंही नाही. सुविधानं दोन दिवस चेंडू हातात घेतला नाही. बापाला मशीन डोळ्यांसमोर नको झालंय, मग आपण कसं अडवायचं, असं तिला वाटत होतं. मशीन गेलं की देव्हारे गेले. परत पॅकिंगला जावं, तर तिथं दोन्ही हात लागतात.

मशीन बघायला हरी आला. चंदगडकडचा माणूस, साखळी गावात फर्निचरच्या कामाला असायचा, आता स्वतःचं दुकान टाकत होता. वर्षानं मांगराची कडी निघाली. हरीनं रूळ हातानं फिरवून बघितला आणि म्हणाला, "मशीन ब्येस हाय काका. निगा चांगली राखलीय."

गोकुळदास त्याला एकेक दाखवू लागले. सुमंगला चहा घेऊन आली, मागे सुविधा दारात येऊन उभी राहिली. गोकुळदासांनी पाना खिळ्यावरून काढून हरीच्या हातात दिला. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "पानो टेबलार दिसलो जाल्यार पातीं ढिलीं समजपाचीं. घट्ट केल्याबगर खिळ्यार घालपाचो न्हय."

बोलून झालं आणि ते एकदम थांबले.

सुमंगलानं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. "कितें म्हणलें तुमी?"

"कांय ना. तूं घरा वच."

"पानो टेबलार म्हणल्यार पातीं ढिलीं?" तिनं पुन्हा विचारलं. ती खाली बघत हिशेब लावत होती. दसरा, पाट, फुलं, केर. मग ती म्हणाली, "दसऱ्या दिसा पानो हांवेंच खिळ्यार घातलो."

"ना गो. हांवेंच घाल्लो, विसरलों हांव," गोकुळदास घाईघाईनं म्हणाले.

"तुमी न्हय. तो उलटो लागलो. म्हाका सारको घालूंक जमलो ना, म्हणून तसोच दवरलो. म्हाका उगडास आसा." तिला पक्कं आठवत होतं. "म्हज्या हातान जालें. म्हज्याच हातान."

सुविधा पुढे आली. आईकडे नाही, बापाकडे. "बाबा, तुमकां खबर आशिल्लें?"

गोकुळदासांनी मान हलवली. हो.

मला वाटलं होतं, आता रडारड होईल आणि सगळं धुऊन निघेल. तसं काही झालं नाही. सुविधा चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"वर्सभर? वर्सभर हांव म्हणटालें, बाबा मशीन पळोवंक शकना, म्हणून वगी गप्प रावलें. तुमी आईक वाचयली, बरें केलें. पूण म्हजें काम कित्याक विकतात? आनी आईक पान्याचें सांगूंक आमकां दोगांकूय सुचूंक ना तें? बारा वर्सां ती हांगा दिवो लायता!"

गोकुळदास फक्त म्हणाले, "चुकलों." वर्षभर हा माणूस 'विसरलों' म्हणत होता. पहिल्यांदाच खरं बोलला.

हरी पाना हातात धरून अवघडून उभा होता. सुविधानं तो त्याच्याकडून घेतला. "हरीभाऊ, मशीन विकायचं नाही. तुम्हाला उगाच फेरा पडला."

"असू दे ताई," हरी म्हणाला. "चहा तेवढा घेऊन जातो." आणि थंड झालेला चहा त्यानं खरोखर उभ्यानं पिऊन टाकला.

याला आता दीड महिना झाला. नवीन पाती आली आहेत. मी तुटका, मला पुन्हा रुळात घेता येणार नाही, आणि घेऊही नये. माझ्या जोडीदारालाही घरी बसावं लागलं, त्याचा तर काडीचा दोष नव्हता. गोकुळदास मला भंगारात टाकायला निघाले होते, सुविधानं टाकू दिलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. मला माफ केलं म्हणून ठेवलं, असं मी समजत नाही. एवढा फुगायचा मी राहिलेलो नाही.

तुमच्या घरात धारेचं काही असेल, तर त्याच्याबद्दल घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जो त्याला हात लावत नाही, त्याला तर आधी सांगा. माझं मागणं एवढंच. आणि सुविधा, तुला माझा आवाज कळायचा. आता तो आवाज माझ्याकडे राहिला नाही, नाहीतर त्या आवाजात मी तुझी क्षमा मागितली असती.

धार आजही सुविधाच लावते, सावकाश, जास्त वेळ घेऊन. पण पाती बसवताना डाव्या हाताची दोन बोटं दाब देत नाहीत. म्हणून उजव्या हातानं ती पातं धरते, पट्टीवरचा आवाज ऐकते, आणि बोल्ट आवळायला आई येते. नारळ फोडणारी, रवळीभर तांदूळ एका हातानं उचलणारी सुमंगला पदर खोचून दोन्ही हातांनी पाना ओढते. गोकुळदास पलीकडे उभे राहतात. जास्त आवळलं तर आटे खराब होतात, हे फिटरला सांगायला नको, पण ते तोंड उघडत नाहीत.

"आई, जालें. पुरो," सुविधा म्हणते.

"जालें?" सुमंगला विचारते. मान डोलावते. आणि तरीही पाना आणखी एकदा ओढते, प्रत्येक बोल्टवर, प्रत्येक वेळी. तो जास्तीचा एक हिसका माझ्यामुळे आहे. मी खिडकीतून तो मोजत असतो.